पेशवेकालीन पुण्याचा पाहुण्यांचा हंगाम

'अतिथि' या शब्दाची व्युत्पत्ति आमच्या शास्त्रकारांनीं दोन प्रकारें लाविली आहे. वैयाकरण तो शब्द 'अत्' म्हणजे सतत चालणें या धातूपासून सिद्ध करितात. स्मृतिकार, ज्याच्या येण्यास व राहण्यास तिथि नेमलेली नाहीं तो अतिथि, असें सांगतात. पेशवाईंतील पुणें शहरीं मात्र दरसाल एक चमत्कार घडे. तेथें येणारे सहस्रावधि अतिथि तिथि पाहूनच येत. श्रावण लागला कीं दक्षिणेसाठीं ब्राह्मणांच्या झुंडी लोटत, भाद्रपदांत गणपतीचा उत्सव येई, आणि आश्विनांत दसऱ्याचें सोनें लुटून झालें म्हणजे शहर ओसरूं लागे. या अडीच-तीन महिन्यांस पुण्याचा पाहुण्यांचा हंगाम म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

या हंगामाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष बखरकारांच्या मार्गानें जाऊन पेशव्यांच्या औदार्याची स्तुति करितो; दुसरा लोकहितवादींच्या काळापासून या सर्व प्रकारास आळशांची पोषणशाळा म्हणत आला आहे. दोन्ही पक्षांच्या लिहिण्यांत कांहीं तथ्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दोघेही एकच वस्तु मोजतात, ती म्हणजे खर्च. पाहुण्यास बोलावणाऱ्या शहरानें त्याच्या जिवाची जबाबदारी कोणावर ठेविली होती, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहींत. आमच्या मतें या हंगामाचा खरा कस त्याच प्रश्नावर लागतो. तोच प्रश्न पुढें ठेवून आम्ही प्रस्तुत लेखांत दक्षिणा, भोजन, करमणूक व बंदोबस्त या चार अंगांचा क्रमानें विचार करणार आहों.

प्रथम, हा हंगाम पावसाळ्यांतच कां पडला हें पाहूं. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यास सीमोल्लंघन करून निघत आणि ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास नद्यांस पूर येण्यापूर्वीं फौजा बहुधा छावणीस परतत. त्यामुळें चातुर्मासांत सरदार, शिलेदार, कारकून व त्यांचे आश्रित हे सर्व देशीं असत. ज्यांस दान करावयाचें तेही घरीं आणि ज्यांचें गाणें ऐकावयाचें त्यांसही दुसरीकडे जाण्यास सवड नाहीं, असा हा काल. शिवाय श्रावण व भाद्रपद हे मास व्रतवैकल्यांनीं भरलेले. तेव्हां धर्मशास्त्र, हवामान आणि युद्धशास्त्र या तिहींच्या संगमावर पुण्याचा हा हंगाम उभा होता. येणाऱ्यास मात्र तो सोपा नव्हता. कोंकणांतून येणाऱ्यास भर पावसांत घाट चढावा लागे, आणि तेलंगण-कर्नाटकांतून येणाऱ्यास भरलेल्या नद्या उतराव्या लागत.

श्रावणमासीच्या दक्षिणेचा उगम पुण्यांत नाहीं. ही प्रथा सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं चालविली होती. १७३१ सालीं डभोईच्या लढाईंत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले, आणि पुढें ती दक्षिणा पहिल्या बाजीरावांनीं आपणाकडे घेऊन पुण्यास चालू ठेविली. म्हणजे पुण्याच्या या आतिथ्याच्या मुळाशीं एका पराभूत घराण्याचा धर्म आहे. नानासाहेबांच्या कारकीर्दींत तिचा विस्तार वाढला. शहरांत इतका समुदाय मावेना, म्हणून पर्वतीच्या पायथ्याजवळ भिंतीचें एक विस्तीर्ण आवार दक्षिणेसाठीं राखलें गेलें. यासच रमणा म्हणत. ब्राह्मणांस दरवाजांनीं आंत घ्यावें, दरवाजे लावावे, आणि मग एकेकास दक्षिणा देऊन बाहेर सोडावें, अशी तेथील पद्धति होती. एकानें दोनदां घेऊं नये आणि चेंगराचेंगरी होऊं नये, हे दोन्ही हेतु तींत साधत.

ही दक्षिणा सरसकट सारखी नसे. वेदशास्त्रसंपन्न विद्वानांचा मान निराळा, नुसत्या भिक्षुकाचा निराळा. विद्वानांची परीक्षा होई, आणि त्यांची योग्यता ठरविण्याचें काम शास्त्रीमंडळींकडे असे. रामशास्त्री प्रभुणे यांची या बाबतींतील गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांचा भाऊ दक्षिणेस आला असतां नाना फडणिसांनीं शास्त्रीबोवांच्या मानाकडे पाहून त्यास मोठी रक्कम देण्याचें सुचविलें. तेव्हां शास्त्रीबोवा म्हणाले कीं यास इतरांप्रमाणेंच द्यावें. माझा भाऊ म्हणून जें द्यावयाचें तें मी घरीं देईन. गोष्ट परंपरेची आहे. तथापि दक्षिणेच्या कामीं वशिला न चालावा अशी लोकांची अपेक्षा होती, एवढें तरी तिजवरून उघड होतें.

आतां भोजनाकडे वळूं. पाहुण्यास जेवूं घालण्याचे त्या काळीं मुख्य प्रकार दोन: पंक्ति आणि शिधा. पंक्ति आप्तांस, आश्रितांस व आमंत्रितांस. परप्रांतींचा सोंवळा ब्राह्मण दुसऱ्याच्या हातचें खाईलच असें नाहीं, म्हणून त्यास तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ असें कोरान्न देऊन मोकळें करावें. त्यानें नदीकांठीं किंवा देवळाच्या ओवरींत तीन दगड मांडून स्वयंपाक करावा. आश्विनांत दिवे लागेपर्यंत ओल्या सरपणानें चूल पेटविणें किती कठीण जात असेल, हें ज्यानें पुण्याचा पावसाळा पाहिला आहे त्यास सांगावयास नको.

पंक्तीची व्यवस्था किती बारकाईनें होई याचा उत्तम नमुना म्हणजे सवाई माधवरावांच्या लग्नाचा बंदोबस्त. १७८३ च्या फेब्रुवारींत थत्त्यांच्या कन्येशीं, रमाबाईंशीं, हें लग्न झालें. प्रसंग पाहुण्यांच्या हंगामाबाहेरचा खरा. परंतु नाना फडणिसांनीं त्यावेळीं करून ठेविलेली याद म्हणजे मराठी यजमानपणाचें जणूं एक सूत्रच होय. कोणत्या पाहुण्यास कोणी सामोरें जावें, कोणाच्या पंक्तीस कोणी उभें राहावें, दिवाबत्ती कोणाकडे, असें प्रत्येक काम एकेका जबाबदार माणसाच्या अंगावर टाकिलेलें आढळतें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आमंत्रित पाहुण्याच्या बाबतींत 'हें काम कोणाचें' या प्रश्नास पुणें दरबारीं नेहमींच उत्तर तयार असे.

परधर्मी पाहुण्याचीही सोय होई. १८०३ सालीं लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज प्रवासी पुण्यास आला असतां दुसऱ्या बाजीरावांनीं त्यास हिराबागेंत मेजवानी दिली. त्याचें प्रवासवृत्त पुढें १८०९ सालीं छापून प्रसिद्ध झालें. पांढऱ्या बैठकीवर पानें मांडून ब्राह्मणी पद्धतीचें निरामिष अन्न वाढलें, आणि साहेबमंडळींनीं आपले कांटे-चमचे बरोबर आणून आपली सोय करून घेतली. पाहुण्यानें यजमानाचें अन्न सोडलें नाहीं व यजमानानें पाहुण्यासाठीं आपला आचार सोडला नाहीं. अशा मेजवानीस उभयपक्षीं शोभेशी म्हणण्यास हरकत नाहीं.

करमणुकीचें मुख्य स्थान म्हणजे शनिवारवाडा. १७३० च्या जानेवारींत त्याचा पाया घातला गेला व १७३२ त वास्तुशांति झाली. पुढें नानासाहेबांनीं १७५५ च्या सुमारास तेथें गणपति-रंगमहाल बांधिला. भाद्रपदांतील उत्सवांत कीर्तनें, पुराणें, गायन व कलावंतिणींचे नाच या महालांत होत. १७९० सालीं इंग्रज वकील मॅलेट याचा जो दरबार झाला त्याचें चित्र जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं पुरें केलें. वाडा १८२८ च्या आगींत जळाला, आणि आज तट, दरवाजे व जोतीं एवढींच उभीं आहेत. तेव्हां त्या वेळच्या दरबारी वैभवाची डोळ्यांस कल्पना देणारें साधन म्हणून त्या चित्राचें मोल मोठें आहे.

महालांतील उत्सव सर्वांसाठीं खुला नव्हता. परगांवच्या सामान्य माणसास करमणूक मिळे ती देवळांच्या सभामंडपांतील हरिदासांची, चौकांतील गोंधळ्यांची, बहुरूप्यांची आणि कोल्हाट्यांची. उत्तर पेशवाईंत तीत शाहिरांच्या फडांची भर पडली. येथें एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. पुण्याची म्हणून जी शाहिरी गाजली ती गाणारे बहुतेक पुण्याबाहेरचे होते. रामजोशी सोलापूरचे, अनंत फंदी संगमनेरचे, सगनभाऊ जेजुरीचे, परशराम सिन्नरकडचे, प्रभाकर मूळचे कोंकणांतील मुरूडचे. होनाजी गवळी मात्र पुण्याचा. म्हणजे शहर पाहुण्यांची करमणूक करीत होतें असें म्हणण्यापेक्षां, पाहुणेच शहराची करमणूक करीत होते असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल.

याशिवाय पाहण्याजोगीं स्थळें होतींच. १७४९ सालीं स्थापना झालेला पर्वतीचा देवदेवेश्वर, त्याखालचें तळें, तळ्यांतील गणपति, हिराबाग, आणि पायथ्याजवळचा सरकारी शिकारखाना. सवाई माधवरावांस श्वापदांचा मोठा छंद. त्यांच्या वेळीं तेथें सिंह व गेंडा यांसारखीं जनावरें होतीं. दक्षिणा गांठीस मारून परत निघण्यापूर्वीं एखाद्या तेलंगी किंवा कोंकणी ब्राह्मणानें तीं पाहिलीं असतील, तर त्याच्या गांवीं पुढें कित्येक वर्षें पुण्याची गोष्ट निघाली कीं गेंड्याचीही निघत असेल.

असा हा समुदाय शहरांत उतरला म्हणजे त्याचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. थोरल्या माधवरावांच्या वेळीं १७६४ सालीं पुण्याची कोतवाली नीट बसविली गेली. पेठांतून चावड्या होत्या. तंटे तोडणें, बाजारभाव पाहणें आणि शहरांत येणाऱ्याजाणाऱ्या परक्यांची नोंद ठेवणें हीं कामें कोतवालीचीं होतीं. रात्रीं तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडेल त्यास सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. १८१९ सालीं एल्फिन्स्टननें जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला त्यांत पुण्याच्या बंदोबस्ताविषयीं त्याचा अभिप्राय चांगला आहे. एवढ्या मोठ्या शहरांत दरोडे व चोऱ्या थोड्या होत, हें त्यास विशेष वाटलें.

परंतु चोर पकडण्यासाठीं उभारलेली यंत्रणा पाहुण्यास संभाळूं शकते काय? या प्रश्नाचें उत्तर १७९१ सालीं, म्हणजे शके १७१३ त, पुण्यानें फार भयंकर रीतीनें दिलें.

त्यावेळीं कोतवालीवर घाशीराम होता. तो औरंगाबादेकडील कनोजा ब्राह्मण. १७७७ पासून तो या जागेवर असून नाना फडणिसांचा त्याजवर विश्वास होता. त्या वर्षीं श्रावणाच्या अखेरीस दक्षिणेसाठीं आलेले कांहीं तेलंगी ब्राह्मण परत निघाले असतां शहराच्या पूर्वेस घाशीरामाच्या बागेजवळ, त्याच्या तळ्याच्या कांठीं उतरले. त्यांनीं बागेंतील फळें अगर कणसें तोडलीं, माळ्याशीं बोलाचाली झाली, आणि कोतवालाच्या माणसांनीं तिसांवर असामी धरून एका कोंदट कोठडींत कोंडले. वारा नाहीं, पाणी नाहीं. मानाजी फाकडे यांनीं कुलूप काढविलें तेव्हां त्यांतील विसांवर गुदमरून मेले होते. दिवस ऑगस्टच्या अखेरचे, तिथि श्रावणी अमावास्येच्या आसपासच्या. शहरांत गणेशचतुर्थीची तयारी चालली होती.

पुढचें सर्वश्रुत आहे. शहरांतील ब्राह्मणसमुदाय, त्यांतही तेलंगी, नानांच्या वाड्यापुढें जमला. नाना आरंभीं चौकशीच्या गोष्टी बोलत होते, परंतु लोकक्षोभ आवरेना. अखेर घाशीराम त्या ब्राह्मणांच्या हवालीं करण्यांत आला, आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं शहराबाहेर गारपिराकडे त्यांनीं त्यास दगडांनीं ठार केलें. या प्रकरणावर मोरोबा कान्होबांनीं १८६३ सालीं पुस्तक लिहिलें आणि विजय तेंडुलकरांचें नाटक १९७२ सालीं रंगभूमीवर आलें. घाशीरामाचें नांव यामुळें सर्वतोमुखीं झालें. मेलेल्या पाहुण्यांचीं नांवें मात्र कोणाच्याही तोंडीं नाहींत.

या प्रकरणाचा विचार बहुधा नाना आणि घाशीराम या दोन व्यक्तींच्या गुणदोषांच्या अंगानें केला जातो. आम्ही तो पाहुण्याच्या बाजूनें करूं इच्छितों. हे ब्राह्मण रमण्याच्या भिंतीआड होते तोंवर त्यांची मोजदाद होती. त्यांस देण्यास शास्त्री होते, हिशेबास कारकून होते, गर्दी आवरण्यास दरवाजे होते. भिंतीबाहेर पडल्याबरोबर त्यांचा आणि सरकारचा संबंध संपला. हातांत दक्षिणा, पुढें कित्येक दिवसांची वाट, आणि जवळ शिधा असेल नसेल. भूक लागली असतां जो त्यांस भेटला तो यजमान नव्हता, तो कोतवाल होता. लग्नाच्या यादींत प्रत्येक पाहुण्यापुढें एक नांव लिहिणारें दरबार. परंतु दक्षिणा घेऊन परतणाऱ्या या पाहुण्यापुढें कोणाचेंच नांव लिहिलेलें नव्हतें.

म्हणून पेशवेकालीन पुण्यांत पाहुण्यांचे तीन वर्ग करावे असें आम्हांस वाटतें. पहिला आमंत्रितांचा; त्याची जबाबदारी व्यक्तीवर असे. दुसरा दक्षिणार्थींचा, त्याची जबाबदारी चार दिवस खात्यावर असे. तिसरा वर्ग या दोहोंच्या मागोमाग येणाऱ्यांचा: हमाल, बैलवाले, फडकरी, फेरीवाले, आणि दक्षिणा घेऊन परतणारा ब्राह्मणसुद्धां. याची जबाबदारी कोणाचीच नसे. त्याजवर फक्त नजर असे. दक्षिणा एका वर्णापुरती होती, पण हा तिसरा वर्ग सर्व वर्णांचा होता. तेलंगी ब्राह्मण मेले तेव्हां त्यांच्यासाठीं दंगा करण्यास शहरांत त्यांचे जातभाई होते. एखादा बैलवाला किंवा कोल्हाटी त्या कोठडींत असता तर काय झालें असतें, हें इतिहासानें सांगितलेलें नाहीं. परंतु वाचकांनीं त्याचा विचार अवश्य करावा.

असें असूनही आम्ही या हंगामास निवळ उधळपट्टी म्हणणार नाहीं. त्यानें एका शहरांत वर्षांतून एकदां काशीचा नैयायिक, कर्नाटकांतील वैदिक आणि कोंकणांतील ज्योतिषी यांस एकत्र आणिलें. वादसभेंत ऐकलेला अर्थ, उतरून घेतलेली पोथी आणि नवीन शिकलेलें पद घेऊन माणसें घरोघर परतलीं. छापखान्यांपूर्वीच्या काळीं विद्येच्या दळणवळणाचें एवढें मोठें साधन महाराष्ट्रांत दुसरें नव्हतें. संग्राहकांच्या हातीं लागणाऱ्या कित्येक पोथ्यांचा प्रवास याच वाटेनें झाला असावा.

१८१८ नंतर दक्षिणेचें रूप पालटलें. एल्फिन्स्टननें ती एकदम बंद न करितां वर्षास ५०,००० रुपयांच्या मर्यादेंत चालू ठेविली. तिच्या कांहीं भागांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. १८४९ सालीं पुण्यांतील सुधारक मंडळींनीं या द्रव्याचा कांहीं अंश मराठी ग्रंथांस द्यावा अशी मागणी केली आणि जुन्या मंडळींशीं मोठा झगडा झाला. अखेर १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी ग्रंथांस बक्षिसें देऊं लागली. पुढें कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. द्रव्य तेंच, पण त्याचा मार्ग बदलला. तें पाहुण्यांकडून पुस्तकांकडे गेलें. विद्येचें यांत हित झालें. मात्र पावसांतून चालत येणारा जो माणूस त्या द्रव्याचा मूळ धनी, तो हळूहळू दिसेनासा झाला.

शहरांतून हंगाम मात्र गेला नाहीं. १८९३-९४ पासून गणपति वाड्यांतून चौकांत आला आणि भाद्रपदांत पुण्यास येणाऱ्यांची संख्या पेशव्यांच्या स्वप्नींही आली नसेल इतकी वाढली. आतां महालाचा दरवाजा कोणास बंद नाहीं, हा मोठाच फरक होय. परंतु गर्दी मोजणें निराळें आणि गर्दींतील एकेका माणसाची चिंता वाहणें निराळें. १७९१ चा धडा उत्सव करणाऱ्या कोणत्याही शहरास जुना होण्यासारखा नाहीं.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंती आहे. पेशवे दप्तरांत देणाऱ्याचा हिशेब पुष्कळ सांपडतो; घेणाऱ्याचा शब्द फारच विरळा. जुन्या वैदिक व भिक्षुक घराण्यांच्या दप्तरांत पोथ्यांच्या पुठ्ठ्यांवर, पंचांगांच्या मागच्या कोऱ्या पानांवर, प्रवासखर्चाच्या चिठोऱ्यांवर, 'पुण्यास गेलों, इतकें मिळालें, अमुक ठिकाणीं उतरलों' अशा जातीच्या नोंदी असण्याचा फार संभव आहे. विषयदृष्ट्या क्षुल्लक म्हणून असे कागद बाजूस टाकूं नयेत. तेलुगू व कन्नड लिपींतील पोथ्या पाहणाऱ्यांनीं तर विशेष लक्ष द्यावें. त्या कोठडींतून जे जिवंत बाहेर आले ते आपल्या गांवीं परत गेले, आणि त्यांनीं आपल्या सोबत्यांचीं नांवें कोठें तरी टिपलीं असतील. तीं सांपडलीं तर यजमानाच्या इतिहासांत पाहुण्याची जागा भरून निघेल.